सांबार, संक्रांत, पाव: शब्दांच्या जन्मकथा तपासायच्या कशा?

दर वर्षी जानेवारीत एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. १४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन मकरसंक्रांतीला, पानिपतावर मराठी फौजेचा नाश झाला आणि तेव्हापासून मोठ्या संकटाला ‘संक्रांत कोसळली’ म्हणू लागले, असं त्यात असतं. दुसरा संदेश बारमाही आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात संभाजी महाराजांसाठी चिंच घालून आमटी केली गेली आणि ‘संभाजी’ व ‘आहार’ मिळून ‘सांबार’ झालं, असा त्याचा मजकूर. तिसरा पावाबद्दलचा: पीठ पायांनी तुडवत, म्हणून ‘पाव’.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपले शब्द कुठून आले आणि किती जुने आहेत, याबद्दल त्या निमित्ताने लोक बोलू लागले, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र वरच्या तिन्ही गोष्टी वाचताक्षणी पटतात आणि तपासायला घेतल्या की तिन्ही कोसळतात. त्या कुठे कोसळतात हे एकदा नीट पाहिलं, तर पुढे आलेला कुठलाही दावा ज्याचा त्याला पारखता येतो. त्यासाठी भाषाशास्त्राची पदवी लागत नाही.

दोनच शब्द समजून घेऊ. एखादा शब्द कशापासून घडला आणि कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत आला, या शोधाला व्युत्पत्ती म्हणतात. आणि शब्दाच्या आवाजाशी जुळणारी एखादी गोष्ट लोकांनी मागाहून त्याला जोडली, की ती लोकव्युत्पत्ती.

## दावा आणि दाखला

ही जमीन आमच्या पणजोबांची, असं सांगून कुणी जमिनीचा मालक होत नाही. सातबारा काढावा लागतो, त्यामागचे फेरफार काढावे लागतात. कोणाकडून कोणाकडे, कोणत्या साली, कशाने गेली, ही साखळी जुळवावी लागते. मधला एक फेरफार सापडत नसेल तर दावा तिथेच अडतो. शब्दाचंही असंच आहे.

ही साखळी जुळवताना अभ्यासक मुख्यतः चार गोष्टी बघतात. शब्द पहिल्यांदा लिहिलेला कधी सापडतो? तो कोणत्या वाटेने येऊ शकला असता? त्याचा उच्चार ज्या तऱ्हेने बदलला, तसा त्याच भाषेतल्या इतर शब्दांचाही बदलला आहे का? आणि आसपासच्या भाषांत त्याची भावंडं आहेत का? माझ्या मते यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा असतो, आणि लोकव्युत्पत्ती सांगणारे नेमका तोच विचारायला विसरतात. सांबाराची गोष्ट घेतली की हे लगेच दिसतं.

## सांबार: गोष्ट एका शब्दाची, भावंडं चार प्रांतांत

विदर्भात बाजारात ‘सांबार द्या’ म्हटलं की भाजीवाली कोथिंबिरीची जुडी देते. नागपूरकडची सांबारवडी कोथिंबिरीच्या सारणाची असते. तिचा तुरीच्या डाळीशी काही संबंध नाही. गुजरातीत ‘संभारो’ म्हणजे कोबी, गाजर, मिरची परतून केलेलं तोंडीलावणं. केरळात ‘संभारम’ म्हणजे आलं, मिरची, कढीपत्ता घातलेलं ताक. आणि तमिळ घरात ‘सांबार’ म्हणजे आपल्या सगळ्यांना माहीत असलेला पदार्थ.

चार ठिकाणी चार वेगळ्या वस्तू, आणि नाव जवळजवळ एकच. संभाजी महाराजांच्या नावावरून शब्द निघाला असं मानलं, तर विदर्भातली कोथिंबीर आणि केरळातलं ताक यांना तेच नाव का, याचं उत्तर देता येत नाही. आता दुसरी वाट धरून बघा. संस्कृतात ‘संभार’ म्हणजे सामग्री, एकत्र जमवलेलं साहित्य. स्वयंपाकात ही सामग्री म्हणजे पदार्थाला चव आणणारा मसाला. कुठे या शब्दाने मसाल्यातल्या एका हिरव्या पाल्यालाच नाव दिलं, कुठे मसाला लावलेल्या भाजीला, कुठे मसाल्याच्या ताकाला, तर कुठे मसाल्याच्या डाळीला. चारही भावंडं एका घरात बसतात. उच्चाराचीही अडचण येत नाही. ‘भ’ आणि ‘ब’ यांना तमिळ लिपीत वेगळी अक्षरंच नाहीत; दोन्ही एकाच अक्षराने लिहितात.

आता तारीख बघू. १५३० सालच्या एका तमिळ शिलालेखात ‘संबारम’ हा शब्द मसाल्याच्या सामग्रीशी जोडलेला सापडतो. संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७चा. म्हणजे त्यांच्या जन्माच्या सव्वाशे वर्षं आधी हा शब्द दगडावर कोरला गेला होता. शब्द आधी आणि ज्याच्या नावावरून तो पडला ती व्यक्ती नंतर, असं होऊ शकत नाही.

यात तंजावरच्या मराठ्यांचं श्रेय कुठेही कमी होत नाही. तिथले शहाजीराजे (शिवाजी महाराजांच्या वडिलांहून वेगळे) हे तंजावरच्या भोसल्यांच्या दुसऱ्या पिढीतले. १६८४ ते १७१२ या काळात ते तंजावरच्या गादीवर होते आणि विद्वानांचे व कलावंतांचे मोठे आश्रयदाते होते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही मोडी कागदांचा प्रचंड साठा आहे. मराठी आणि तमिळ स्वयंपाकाची तिथे देवाणघेवाण झाली यात शंका नाही. पदार्थ कुणी कसा सुधारला हा एक प्रश्न, आणि त्याच्या नावाचा उगम कुठला हा दुसरा. संदेशात दोन्हींची सरमिसळ झालेली असते.

## संक्रांत पानिपताच्या दिवशी होती का?

पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, हे पक्कं आहे. आपल्या पंचांगाने त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी, बुधवार होता. आज संक्रांत १४ जानेवारीला येते, म्हणून तेव्हाही त्याच तारखेला असणार असं आपण गृहीत धरतो. चूक तिथेच होते.

मकरसंक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश. हे वर्ष ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेलं असतं. इंग्रजी कॅलेंडरचं वर्ष ऋतूंशी बांधलेलं असतं. या दोन वर्षांत साधारण २० मिनिटांचा फरक आहे. वीस मिनिटं कुणाच्या लक्षात येत नाहीत, पण ती साठत जातात आणि सुमारे ७२ वर्षांत एक अख्खा दिवस होतो. म्हणून इंग्रजी तारखेच्या हिशेबाने संक्रांत हळूहळू पुढे सरकते आहे. अलीकडे काही वर्षी ती १५ जानेवारीला येऊ लागली ती यामुळेच. लीप वर्षामुळे एखाद्या दिवसाचं मागेपुढे होतं ते वेगळं.

मागे मोजत गेलं, तर १७६१ साली संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, म्हणजे लढाईच्या चारेक दिवस आधी. हिशेबावर विश्वास बसत नसेल तर एक साक्षीदार आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. १८६३ साली संक्रांत १२ तारखेला होती, तर त्याच्या शंभर वर्षं आधी ती १४ला कशी असेल?

मग संकटाला ‘संक्रांत’ का म्हणतात? उत्तर पंचांगातच आहे. दर वर्षीच्या पंचांगात संक्रांत ही देवतेच्या रूपात वर्णिलेली असते: तिचं वाहन कोणतं, वस्त्र कोणतं, ती कोणत्या दिशेकडून आली, कोणत्या दिशेला चालली, कुठे पाहते. ती जिकडे जाते, जिकडे पाहते, तिकडच्या लोकांना पीडा, आणि तिने जे ल्यालं-खाल्लं ते महागणार किंवा नासणार, असं फळ सांगितलेलं असतं. गावोगावी हे संक्रांतीचं फळ वाचून दाखवायची पद्धत होती. कुणावर ‘संक्रांत येते’ ती या समजुतीतून, आणि या समजुतीला कोणत्याही लढाईची गरज नाही.

पानिपताने मराठीला खरंच काही दिलं आहे, आणि ते लपलेलं नाही. ‘पानिपत होणे’ म्हणजे पुरता धुव्वा उडणे. ‘विश्वास पानिपतात गेला’ असं आजही कुणी तरी कडवटपणे म्हणतं तेव्हा त्यात रणात पडलेले विश्वासराव आणि उडालेला विश्वास एकाच शब्दात येतात. या वाक्प्रचारांत ती जखम उघड दिसते. तिच्यासाठी संक्रांतीला वेठीला धरायचं कारण नाही.

## एका उपवासाच्या खिचडीतल्या चार रीती

नव्या वस्तूला लोक नाव कसं देतात, हे समजून घ्यायला साबुदाण्याच्या खिचडीइतकी चांगली जागा नाही. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसाने १४९२ साली अटलांटिक ओलांडण्याआधी आपल्याकडे यातलं एकही नव्हतं. खिचडीतलं जिरं आणि तूप तेवढं आपल्याकडचं जुनं.

बटाटा नावासकट आला. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा ‘बताता’ हा शब्द मुळात रताळ्याचा. तो स्पॅनिश-पोर्तुगीजांनी उचलला आणि पोर्तुगीज जहाजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर उतरला. म्हणून मराठी आणि गुजरातीत बटाटा, आणि उत्तरेत व बंगालात आलू. आलू किंवा आलुक हा संस्कृतातला जुना शब्द, खाण्याच्या कंदाचा. पोर्तुगीजांचा वावर जिथे दाट होता तिथे वस्तूबरोबर नाव आलं. जिथे वस्तू हातोहात आत पोचली तिथे घरचंच जुनं नाव तिला दिलं गेलं. नकाशावर या दोन शब्दांची सीमा आखली तर व्यापाराची वाट आपोआप दिसते.

मिरचीच्या बाबतीत उलटं झालं. तिखट चवीसाठी आपल्याकडे आधीपासून मिरी होती, संस्कृतात मरिच. नवं तिखट फळ आलं तेव्हा लोकांनी मिरीच्याच नावात थोडा फेर करून त्याला ‘मिरची’ म्हटलं. म्हणून मिरची हा शब्द अस्सल देशी, आणि वस्तू साता समुद्रापलीकडची. शब्द जुना दिसतो म्हणून वस्तूही जुनी, असं मानणाऱ्यांनी मिरचीचं उदाहरण कायम ध्यानात ठेवावं.

शेंगदाण्याचं नाव तर निव्वळ वर्णन आहे: शेंगेतला दाणा. ‘भुईमूग’ त्याहून सुंदर. मुगासारखी शेंग, पण भुईत येणारी. ज्याने हे नाव पहिल्यांदा उच्चारलं त्याने झाड उपटून नीट पाहिलं होतं, एवढं त्या नावावरून खात्रीने सांगता येतं.

साबुदाण्यातला ‘साबू’ आला पूर्वेकडून. मलय भाषेत ‘सागू’ हे एका ताडाच्या गाभ्यातल्या पिठाचं नाव. बंगालीत आजही सागू आणि साबू ही दोन्ही रूपं चालतात. पुढे ताडाऐवजी कसाव्याच्या पिठाचे दाणे होऊ लागले, आणि नाव जुनंच राहिलं. आज तामिळनाडूतल्या सेलमच्या परिसरातून येणारा साबुदाणा मलय नाव आणि दक्षिण अमेरिकेचा कंद घेऊन आपल्या एकादशीला हजर असतो.

## पाव आणि हापूस: उच्चारही साक्ष देतो

पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही गोष्ट मराठी माणसाने मराठीत सांगताना एक खटकायला हवं. मराठीत पायाला पाय म्हणतात, ‘पाँव’ हिंदीत. चार पाव जोडलेले असतात, म्हणून पाव म्हणजे चतुर्थांश, अशीही एक गोष्ट आहे. तो पाव ‘पाद’ या संस्कृत शब्दापासून आलेला, केवळ उच्चाराने सारखा.

भट्टीतला पाव पोर्तुगीज आहे. त्या भाषेत ब्रेडच्या शब्दाच्या शेवटी नाकातून ‘आंव’ असा उच्चार होतो: पांव. पोर्तुगीजमधला हा ‘आंव’ मराठीत ‘आव’ होतो याला आणखी दाखला हवा, तर लिलाव हा शब्द घ्या. तोही पोर्तुगीज ‘लेइलांव’वरून आला. एक शब्द योगायोगाने जुळू शकतो. दोन शब्दांत तोच बदल त्याच जागी झालेला दिसला की वाट पक्की होते. गोव्यात पाव भाजणाऱ्याला पोदेर म्हणतात, तोही पोर्तुगीज शब्द. वसई १५३४ ते १७३९, चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत, पोर्तुगीजांकडे होती. माणसं, भट्टी, पदार्थ आणि नाव सगळं एकाच वाटेवर सापडतं.

मराठी शब्दांत असे नियमित बदल खूप आहेत. ताम्रचं तांबं झालं, तसंच आम्रचा आंबा झाला. दूध-केळ्याचं शिकरण हे संस्कृत ‘शिखरिणी’चं वंशज; शिखरिणी म्हणजे दही-साखरेचा एक गोड पदार्थ. घराघरातलं साधं शिकरण इतक्या जुन्या नावाने ओळखलं जातं, हे बहुतेकांना माहीत नसतं.

हापूसही पोर्तुगीजच. अफोंसो या नावाचं कोकणीत आफूस झालं, मराठीत हापूस. ते नाव १५१० साली गोवा जिंकणाऱ्या अफोंसो द अल्बुकर्कचं मानतात. कुणी यावर शंका घेतली तर पुन्हा भावंडांकडे जावं. गोव्यातल्या इतर आंब्यांची नावं बघा: मानकुराद, फर्नांदिन, कुलास. मानकुराद हा ‘वाईट रंगाचा’ अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून, आणि फर्नांदिन व कुलास ही तर माणसांच्या आडनावांवरून. कलमं बांधून जाती टिकवायची आणि त्यांना माणसांची नावं द्यायची, ही त्या काळातल्या गोव्याची रीतच होती.

## टोपणनाव शेजारी ठेवतो

प्रदेशांच्या आणि तिथल्या लोकांच्या टोपणनावांचा माग काढताना मी आधी एकच गोष्ट विचारते: हे नाव कुणी ठेवलं? स्वतःला टोपणनाव सहसा कुणी देत नाही. ‘घाटी’ हा शब्द किनाऱ्यावरच्या माणसाने सह्याद्रीच्या वर राहणाऱ्यांना दिला. ज्याच्या घराच्या मागे घाट उभा आहे, त्यालाच वरून उतरलेला माणूस ‘घाटावरचा’ दिसतो. मुंबईत आणि गोव्यात तो पुढे हिणवण्यासाठी वापरला गेला, आणि आजही तो बोचतो. त्याचा उगम निरुपद्रवी होता म्हणून त्याचा आजचा डंख कमी होत नाही.

इंग्रजांच्या काळातलं एक उदाहरण तर खाण्याच्या नावांनाच जोडलेलं आहे. कंपनीचे गोरे अधिकारी एकमेकांना इलाख्यावरून चिडवत. बंगालातले ‘क्वाय-हाय’, कारण ते नोकराला ‘कोई है’ अशी हाक मारत. मद्रासचे ‘मल’, मुलिगटॉनी सुपावरून. हा शब्द तमिळमधल्या ‘मिरीचं पाणी’ या अर्थाच्या नावाचा अपभ्रंश. आणि मुंबईचे ‘डक’. ते सुक्या बोंबलावरून, ज्याला इंग्रज ‘बॉम्बे डक’ म्हणत.

या ‘बॉम्बे डक’चीही एक लाडकी गोष्ट आहे: सुके बोंबील डाकगाडीतून जात, तिचा वास येई, म्हणून ‘बॉम्बे डाक’ आणि त्याचं ‘डक’. आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. ‘बॉम्बे डक’ हे नाव १८१५च्या सुमारासच छापलेलं आढळतं. गाडीच नव्हती, तर डाकगाडीचा वास कुठून येणार?

मुंबईच्या नावाची गोष्ट व्याकरणाने निकालात निघते. पोर्तुगीज ‘बों बाइया’, म्हणजे चांगला उपसागर, यावरून बॉम्बे, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. पण पोर्तुगीजमध्ये ‘बाइया’ स्त्रीलिंगी आहे. त्याला ‘बों’ हे पुल्लिंगी विशेषण लागणारच नाही, ‘बोआ’ लागेल. स्वतःची भाषा बोलणारा माणूस अशी चूक करून गावाला नाव देत नाही. मुंबादेवीच्या नावाने ओळखलं जाणारं ठिकाण पोर्तुगीजांनी आपल्या जिभेला येईल तसं लिहिलं, आणि त्याला अर्थ नंतर चिकटला.

खानदेशाची एक वेगळीच कथा मला फार बोलकी वाटते. फारुकी राजांना मिळालेल्या ‘खान’ या किताबावरून हा खानांचा देश. अकबराने १६०१ साली अशीरगड घेतल्यावर आपल्या दानियाल या मुलाच्या नावावरून प्रांताचं नाव ‘दानदेश’ केलं. बादशहाचा हुकूम कागदावर राहिला आणि लोकांच्या तोंडचा खानदेश आजतागायत चालू आहे.

## प्रत्येक म्हणीमागे प्रसंग असतो का?

नसतो. ‘पुणे तिथे काय उणे’ किंवा ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ यांच्यामागे कोणती घटना आहे असं विचारणाऱ्यांनी त्या मोठ्याने म्हणून बघाव्यात. पुणे-उणे, वऱ्हाड-कुऱ्हाड: यमक हेच तिथे जन्माचं कारण. वऱ्हाडच्या कपाशीच्या काळ्या जमिनीची श्रीमंती खरी आहेच, पण ‘कुऱ्हाड’ आली ती जुळते म्हणून.

काही म्हणींमागे प्रसंग असतो, पण म्हण त्यातला तपशील स्वतः ठरवते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सव चालू असताना, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना ठार मारलं. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवलं. हा इतिहास. ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं, ही परंपरेने सांगितलेली कथा. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार त्या कथेतून आला. एवढ्या भयंकर कटाचा दोष एका बाईने फिरवलेल्या एका अक्षरावर आणून ठेवणं ऐकणाऱ्यांना सोपं गेलं, असं मला वाटतं. वाक्प्रचारावरून लोकांनी काय लक्षात ठेवलं ते कळतं. खून कसा ठरला, हे विचारायला त्याच्याकडे जाऊ नये.

## ‘कागद नाही, म्हणून गोष्ट खोटी?’

हा आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या बायकांचं ज्ञान कुणी लिहून ठेवलं नाही, कित्येक समाजांना लिहूच दिलं गेलं नाही. त्यामुळे लेखी पुरावा नाही एवढ्यावरून तोंडी परंपरा फेकून देणं अन्यायाचं आहे. पण वरच्या उदाहरणांकडे पुन्हा बघा. सांबाराचा दावा निव्वळ कागद नाही म्हणून पडला असं नाही. त्याच्या विरुद्ध जाणारा शिलालेख आहे आणि चार प्रांतांतली भावंडं आहेत. डाकगाडीचा दावा रेल्वेच्या तारखेने पाडला. आणि विदर्भातलं ‘सांबार’ हा या तपासातला मोठा पुरावा कुठून मिळाला? भाजीबाजारातल्या बोलण्यातूनच.

## ‘इतके शब्द परके निघाले, तर मराठीचं राहिलं काय?’

बटाटा, पाव, लिलाव, चावी, घमेलं, बिजागरी, तुरुंग, पगार, काजू, अननस, नाताळ. पोर्तुगीजांकडून आलेल्या शब्दांची यादी लांबवता येईल. हे शब्द ज्या सहजतेने मराठी विभक्ती घेतात ते बघा: पावाला, पगारातून, तुरुंगात. मराठीने ते आपल्या व्याकरणात बसवले, आपल्या म्हणींत वापरले. उलट दिशेनेही वाहतूक झालीच. संस्कृत ‘शर्करा’ फारसी-अरबीतून युरोपात गेली आणि इंग्रजांची ‘शुगर’ झाली. त्यामुळे इंग्रजी गरीब झाली असं कुणी म्हणत नाही. चारशे वर्षं एखादा शब्द आपल्या आयाबायांच्या तोंडात असेल, तर त्याला परका ठरवणारे आपण कोण?

## ‘गोष्ट गोड आहे, मग बिघडलं कुठे?’

बिघडतं ते असं की खोटी गोष्ट खऱ्या गोष्टीची जागा घेते. ‘सांबार’चा उगम कळला असं वाटलं की कुणी विदर्भातल्या कोथिंबिरीचा विचार करत नाही. संक्रांतीला पानिपत चिकटवलं की पंचांगातली ती वाहनावर बसलेली संक्रांत विसरली जाते. शिवाय अशा गोष्टींचा वापर पुढे भांडणांत होतो: अमुक पदार्थ आमचा, तमुक गाव आमचं. भौगोलिक मानांकनासारख्या कायदेशीर गोष्टींत तर नाव आणि त्याचा प्रदेशाशी असलेला संबंध कागदोपत्री दाखवावा लागतो. २०१८ साली कोकणातल्या हापूसला ते मिळालं. तिथे ऐकीव कथा पुढे करता येत नाही.

## घरबसल्या तपासायचं तर

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत आला. हे दोन्ही आज इंटरनेटवर फुकट शोधता येतात. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश १९४६चा. एखाद्या शब्दाबद्दल १९००नंतरची गोष्ट कुणी सांगत असेल आणि तो शब्द मोल्सवर्थमध्ये त्याच अर्थाने बसलेला सापडला, तर तपास पाच मिनिटांत संपतो. शब्द कोशात सापडला नाही, तर त्यावरून तो तेव्हा नव्हताच असं मात्र म्हणू नये. शिव्या, हिणवण्याची नावं, चुलीजवळचे शब्द कोशकारांच्या हातून बरेच सुटले आहेत.

म्हणूनच गावोगावचे असे शब्द लिहून ठेवायचं काम अजून पडलेलं आहे. आपल्या आजीचा एखाद्या पदार्थाचा शब्द, शेजारच्या गावाला दिलेलं टोपणनाव, तालुक्याबाहेर न समजणारी म्हण, असं काही टिपताना तो कुणी, कोणत्या तालुक्यात, कोणत्या अर्थाने आणि नेमक्या कोणत्या उच्चाराने वापरला, एवढं लिहावं. शक्य असेल तर आवाज मुद्रित करावा. व्युत्पत्तीचा रकाना पुरावा मिळेपर्यंत कोरा राहू द्यावा. तिथे ऐकलेली कथा लिहायचीच असेल, तर तिच्याआधी ‘असं सांगतात’ हे दोन शब्द घालावेत आणि कुणी सांगितली तेही नोंदवावं.